चौक उजव्या हाताला

आरटीओच्या बाकावर बसलेल्या माणसांना साधारण एकच भीती असते, नापास होण्याची. माझ्या डावीकडचे मिशीवाले गृहस्थ मांडीवर बोटाने इंग्रजी आठचा आकडा गिरवत होते. दुचाकीच्या परीक्षेत तो काढावा लागतो, पाय न टेकता. उजवीकडची मुलगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मधोमध मी. मला भीती होती पास होण्याची.

नऊ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हा एकसष्टची होते, म्हणजे आजच्या हिशेबाने पोरच. मेंदी लावलावून विटकरी झालेले केस, डोळ्यांवर मस्कतहून आणलेला गॉगल, मांडीवर निळी फाइल आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू आरटीओच हिच्याकडे परीक्षेला आलंय. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी आधी तिचा गॉगल काढून घेईन आणि म्हणेन, आता खरं बोल.

फाइलीत सगळं होतं. मस्कतचं लायसन, पासपोर्ट, घराच्या पत्त्याचा पुरावा, लायसन खरं असल्याचं वकिलातीचं पत्र आणि डॉक्टरांचा फॉर्म. त्या फॉर्मला कडेकडेने बेसन लागलेलं होतं. मी ते सकाळपासून रुमालाने पुसत होते, आणि ते जास्तच पसरत होतं.

बेसन कसं लागलं ते सांगायचं तर आधी मस्कतला जावं लागतं.

मस्कतला आम्ही गेलो तेव्हा मी चौतीस वर्षांची. बीएस्सी झालेली, रसायनशास्त्र घेऊन, आणि हे भेटेल त्याला पाचव्या वाक्यात सांगणारी. देवाधर्माचं अवडंबर आपल्याला नाही, हे सहाव्या वाक्यात. गाडी शिकवायला एक म्हातारा मास्तर यायचा. तिथलाच, पण मोडकं हिंदी बोलणारा. त्याने मला पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला शिकवलं, चढावर थांबवायला शिकवलं. ते सगळं जमलं. मग तो मला पहिल्यांदा चौकात घेऊन गेला.

त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे चौकातला गोल डाव्या हाताला ठेवून फिरायचं. कागदावर मी हे शंभरदा वाचलं होतं. पण प्रत्यक्ष चौक समोर आला, मध्ये माणसापेक्षा उंच कॉफीची किटली उभी केलेली, भोवती फुलं लावलेली, आणि माझे हात जागच्या जागी थिजले. मी करकचून ब्रेक दाबला.

"क्या हुआ?" मास्तर म्हणाला.

"उलटा है," मी म्हणाले.

तो शांतपणे म्हणाला, "रास्ता सीधा है. तुम उलटा है."

खरंच होतं. माहेरच्या अंगणातली तुळस, गल्लीतला मारुती, ज्येष्ठातला वड, जन्मभर ज्याच्या भोवती म्हणून फिरले ते सगळं उजव्या हाताला होतं. देव उजव्या हाताला ठेवायचा, हे मला कोणी शिकवल्याचंही आठवत नाही. पाय आपोआप तसे वळायचे. आणि इथे हा माणूस सांगत होता, फुलांनी मढवलेल्या त्या किटलीला डावी घाल. बीएस्सी बाईच्या तळहाताला घाम सुटला.

शेवटी मी युक्ती काढली. प्रत्येक चौकात शिरताना मनात म्हणायचं: हा देव नाही, ही किटली आहे. पुढच्या चौकात होडी होती. हा देव नाही, होडी आहे. असं करत करत हात वळले, लायसन मिळालं आणि वर्षभराने ते वाक्य म्हणायची गरजही उरली नाही. अंगाने उलटं फिरणं शिकून घेतलं.

किती शिकून घेतलं ते वटपौर्णिमेला कळलं. आम्ही सात-आठ मराठी बायका एका घरी जमायचो. हॉलमध्ये कुंडीतलं वडाचं रोप, त्याच्याभोवती सूत गुंडाळत फिरायचं. मी सूत घेऊन निघाले ती थेट समोरून येणाऱ्या बाईच्या अंगावर. तिचं सूत माझ्या गळ्यात, माझं तिच्या बांगडीत. त्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "अगं, उलटी कुठे निघालीस? नवऱ्याला परत पाठवतेस की काय?" सगळ्या हसल्या. मी तर सर्वांत जास्त हसले आणि सगळ्यांचं झाल्यावर सातही फेरे तसेच उलटे पुरे केले, कारण मला अवडंबर नव्हतं.

हे हसणं मी पुढे पंचवीस वर्षं विसरले. मग एके दिवशी मस्कतच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांचे कागद समोर ठेवले आणि सांगितलं, दोन्ही किडन्या जवळपास थांबल्या आहेत. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला ते कुंडीतलं रोप दिसलं. कोणाला सांगितलं नाही. रसायनशास्त्र घेतलेल्या बाईला असं काही दिसतं हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आम्ही नागपूरला परत आलो. हुडकेश्वरला सासरचं घर होतं. खाली मोठ्या जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डायलिसिस ठरलं, आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला मशीन सुरू. चार तास ह्यांचं रक्त त्या नळ्यांतून फिरून परत यायचं. मी बाहेर बाकावर बसायचे.

सुरुवातीला भाड्याच्या गाडीने जात होतो. एकदा परत येताना ह्यांना उलटी झाली. ड्रायव्हर बिचारा वाईट बोलला नाही. नुसती गाडी बाजूला घेतली आणि सीटवर बाटलीने पाणी ओतत राहिला. हे फूटपाथवर उभे, शर्ट भिजलेला, दोन्ही हात पोटाशी. परदेशात एका गोदामाची सगळी व्यवस्था ज्यांच्या शब्दावर चालायची तो माणूस. घरी येऊन म्हणाले, "परक्याच्या गाडीत मी आता बसणार नाही."

"मग?"

"तू आहेस ना. मस्कतला शेवटची दोन वर्षं तूच मला सगळीकडे नेत होतीस. गाडी घेऊ एक जुनी."

आमचा मुलगा दुसऱ्या शहरात. तो फोनवर म्हणाला, ड्रायव्हर ठेवा. परका तो परकाच, हे म्हणाले. पुतण्याच्या ओळखीने जुनी पांढरी गाडी आली. आणि मी, गॉगलवाली, म्हणाले, त्यात काय आहे.

कोणाला न सांगता एका सकाळी सहाला मी गाडी बाहेर काढली. मस्कतचं लायसन पर्समध्ये, आणि तेवढं पुरतं असा माझा समज. स्टिअरिंग उजवीकडे. इंडिकेटर द्यायला गेले की वायपर चालायचे, कारण दांड्याही उलट्या बाजूला. कोरड्या काचेवर वायपर खरडवत मी दोन किलोमीटर गेले. तिथे एक चौक आहे. मध्ये सिमेंटचा गोल कट्टा, त्यावर माती आणि सुकलेली चार रोपं. मला उजवीकडे वळायचं होतं. रस्ता रिकामा होता. रिकामा होता म्हणूनच हातांनी विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांनी कट्टा डाव्या हाताला धरला आणि मी सरळ उलटी आत शिरले.

समोरून स्कूटीवर एक बाई येत होती. पायांशी मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. मला तिचे डोळे दिसले, इतक्या जवळून. मग स्कूटी आडवी झाल्याचा आवाज.

मी उतरले तेव्हा रस्त्यावर पोहे पसरलेले होते. पिवळे, गरम, वाफा निघणारे. ती बाई उठून बसली होती आणि कोपर वाकवून पाहत होती. सालटं निघालं होतं, रक्त बारीक येत होतं.

"लागलं का हो?" मी म्हणाले.

"थांब. पहिले पाहू दे मले." तिने हात दोनदा वळवला, बोटं उघडली मिटली. मग वर पाहिलं. माझा गॉगल, माझे लाल केस. "कोण्या देशातून आली वं तू?"

आणि त्या एकसष्ट वर्षांच्या शहाणीने उत्तर दिलं, "मस्कत."

ती हसली नाही. "तिथं अशेच चालवतात?"

"हो."

"इथं नाही चालवत." ती उठली. "हे पाहा." तिने हात पुढे केला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. "एवढी. एवढी इकडं असती तं मी नसतीच."

दवाखान्यात नेते म्हटलं तर ती म्हणाली, "तुह्या गाडीत? नाही बापा." पातेलं उचलून, उरलेले पोहे झाकून ती गेली. तिचं कोपर मला आजही दिसतं. त्या दिवशी घरी येऊन मी पोळ्या लाटायला बसले तर लाटणं धरवेना. ओट्यावर हात टेकला आणि कोपरापासून बोटांपर्यंत माप पाहत बसले. एवढंच. खांद्यापासून धरलं तर अर्धाच हात.

गाडी मी पुन्हा काढली नाही. ह्यांना सांगितलं, "इथलं लायसन करून घ्यावं लागेल. बाहेरचं बदलून मिळतं, पण वेळ लागतो." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. आणि सगळं सांगितलं तर हे माझ्याही गाडीत बसणार नाहीत, मग कोणाच्याच बसणार नाहीत, मग दवाखाना संपला, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे सांगताही येईना, चालवताही येईना.

मग मी जे केलं ते सांगताना आज मी तोंडाला पदर लावते. डॉक्टरांनी माझे डोळे, कान, रक्तदाब तपासून, मी गाडी चालवायला लायक आहे असा फॉर्म भरून दिला. तो मी घरी आणला आणि बेसनाच्या डब्यात खुपसला. ह्यांनी विचारलं की म्हणायचं, डॉक्टरांचा फॉर्म अडकलाय. डॉक्टर बिचारे फुकट बदनाम.

पुतण्या कामठीला नोकरीला, पहाटेच निघायचा. पहिले आठ दिवस त्याने सुट्ट्या टाकून कसंबसं नेलं, पण नेहमी कसं सांगणार? सोमवारचं डायलिसिस चुकलं. बुधवारी पुतण्याने रजा टाकून नेलं. शुक्रवार चुकला. "तुझं लायसन झालं की जाऊच," हे म्हणायचे, अगदी समजूतदारपणे. रविवारी ह्यांचे पाय सुजलेले होते. अंगठा दाबला की खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. मी दाबून पाहायची आणि मनात मोजायची. सकाळी दहा आकडे मोजले, दुपारी पंधरा. सपाट झोपलं की दम लागायचा म्हणून तीन उशा लावून बसवलं होतं. घोटभर पाणी मागितलं तरी मला धडकी भरायची.

त्या दुपारी जाऊबाई वाटी घेऊन वर आल्या. झुणक्याला बेसन कमी पडलं होतं. मी ह्यांच्या पायाशी बसले होते, उठेपर्यंत त्यांनी डबा उघडला होता.

"बेसनात कागद काहून ठेवला वं?"

"ओला होऊ नये म्हणून."

"बेसनात?" त्यांनी फॉर्म झटकला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट फिरवत वाचला. मग स्वयंपाकघराचं दार लोटलं. "पोहे कशाचे चिकटले होते वं गाडीच्या चाकाले, पंधरा दिवसांपहिले?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"ती पोहेवाली माह्या भजनात आहे. त्याच दिवशी सांगतलं तिनं. लाल केसाची बाई म्हणे, मस्कतची. हुडकेश्वरात लाल केसाच्या मस्कतच्या किती बाया आहेत?"

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"म्हटलं पाहू, किती दिवस दाबते." त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "तू भिऊन राहिली."

मग माझा बांध फुटला. चौक सांगितला, अर्धा हात सांगितला, आणि त्या ओघात कुंडीतलं रोपसुद्धा सांगून टाकलं. उलटा फेरा मारला होता मी, ताई. एकदा नाही, पुरते सात.

जाऊबाई बराच वेळ वाटीतलं बेसन बोटाने सारखं करत राहिल्या.

"अन् मी?" त्या म्हणाल्या. "मी तं सारे सुलटे मारले. एक वर्ष चुकवलं नाही, ताप होता तरी गेली. सोळा वर्षं झाले माह्या मालकाले जाऊन." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "फेऱ्यानं माणूस जात नाही अन् राहतही नाही. दवाखान्यात नाही नेलं तं जातो. उठ, चप्पल घाल."

"कुठे?"

"चौकात."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्या चौकात पायी गेलो. मला वाटलं, नुसत्या बघायला. त्यांनी माझा हात धरला आणि कट्ट्याला लागून चालायला लागल्या, कट्टा उजव्या हाताला.

"चाल. देव उजव्या हाताले."

"इथे देव कुठे आहे?"

"नसू दे. तुह्या पायाले मालूम आहे ना देवाच्या भवती कसं फिरावं? मंग तसंच फिर. गाडीनंही तसंच फिरावं लागते इथं. तुले कोणी सांगतलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. नागपुरात जन्मलेली, वाढलेली, पंचवीस वर्षं उलटं फिरून आलेली मी. आणि इथला चौक म्हणजे नुसती साधी प्रदक्षिणा, हे मला माझ्या चौथी पास जावेने सांगावं लागलं. मस्कतला जे विसरायला वर्ष घालवलं तेच इथे आठवायचं होतं.

पण आठवणं सोपं नव्हतं. पहिल्याच फेऱ्यात मागून बसचा हॉर्न वाजला आणि मी जागच्या जागी उलटी फिरून पळायला लागले. जाऊबाईंनी पदर धरून ओढलं. "अर्ध्यातून वापस यायची ती शंकराची. हा शंकर नव्हे. पुरी कर." मी पुरी केली. दुसरी केली. एका ऑटोवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "मावशी, कोणता देव बसवला इथं?"

"बसला नाही अजून," जाऊबाई म्हणाल्या. "बसायचा आहे."

रोज सकाळी आणि संध्याकाळी आम्ही सात फेरे घालायचो. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर कोणीतरी झेंडूचं फूल ठेवलेलं दिसलं.

आईच्या हुकमाने पुतण्याने आठवडाभर रजा काढली. "एक आठवडा," जाऊबाई मला म्हणाल्या. "त्याच्या पुढं पोराले रजा नाही. तेवढ्यात काय करायचं ते कर." सोमवारी, बुधवारी आम्ही दवाखान्यात गेलो. पुतण्या चालवायचा, मी त्याच्या शेजारी, मांडीवर स्टीलचं ताट घेऊन. तो वळवेल तसं मी ताट वळवायची. चौक आला की ओठांत म्हणायची, देव उजव्या हाताला.

"ताट कशाला आणलंस?" मागून ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला उलटी झाली तर."

"मग मला दे ना."

"झाली की देते."

सूज उतरली. खळगा आता पाच मोजेपर्यंत भरायचा. आणि गुरुवारी मी बेसन झटकून, निळी फाइल घेऊन आरटीओत गेले. पुतण्याने गाडी आणून दारात लावली. मनात मी धरून चालले होते: बदलून घेतानाही परीक्षा होईलच, साहेब शेजारी बसतील, मी लायक आहे की नाही ते ते ठरवतील. डॉक्टरांनी डोळे तपासले होते, हात कोणी तपासले नव्हते. नापास झाले तर निदान तो निकाल माझा नसेल.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले. "काकू, तुमच्याकडे बाहेरच्या देशाचं लायसन आहे ना, मग नियमाने टेस्ट माफ आहे. बसा, साहेब सही करतील. झालं तुमचं."

झालं तुमचं. तेव्हा मी त्या बाकावर जाऊन बसले, आठ गिरवणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी. कोणी बघणार नव्हतं. एक सही होणार, आणि सोमवारपासून ह्यांना मागे बसवून मी त्या चौकात शिरणार. सहीला काय माहीत माझ्या हातांचं?

नाव पुकारलं. आत साहेब पेन उघडून बसले होते.

"साहेब, माझी टेस्ट घ्या."

"लागत नाही, मॅडम."

"घ्या तरी."

त्यांनी वर पाहिलं. "इथं लोक टेस्ट चुकवायला दहा कारणं सांगतात. तुमची आपोआप चुकली आहे. काहून मागून घेता? एकदा घेतली अन् नापास झालात तर मी सही करणार नाही, सांगून ठेवतो."

माझ्या डोळ्यांपुढे ह्यांच्या पायावरचा खळगा आला. पुतण्याची रजा उद्या संपत होती. गप्प बसले असते तर पाच मिनिटांत काम होऊन घरी. मग मी हात टेबलावर ठेवला, कोपरापासून बोटांपर्यंत.

"एवढ्याने एक बाई वाचली, साहेब. मी उलटी शिरले होते चौकात."

ते त्या हाताकडे पाहत राहिले. पेनाला टोपण लावलं. "चला."

ते शेजारी बसले. मी पट्टा लावला, आरसे पाहिले, इंडिकेटर दिला. वायपर सुरू झाले. बंद करायला गेले तर पाणी उडालं. फाटकाबाहेर पडलो, सिमेंटच्या रस्त्याला लागलो, आणि त्यांनी बोटाने दाखवलं तिकडे एक मोठा गोल चौक होता.

चौकाच्या तोंडाशी मी थांबले. थांबलेच.

"काय झालं?"

"कोणी येतंय का बघते."

"कोणी नाही."

"म्हणूनच भीती वाटते, साहेब."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. हात डावीकडून आत शिरायला ओढ घेत होते की उजवीकडून, मला खरोखर कळेना. मी पायांकडे लक्ष दिलं. चप्पल घातलेले पाय, जाऊबाईंच्या हातात हात. "देव उजव्या हाताला," मी म्हणाले, या वेळी मोठ्याने.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

आणि गाडी वळली. गोल माझ्या उजव्या खांद्याशी आला, खिडकीशी, तुळशीसारखा.

"अजून एक फेरा घ्या," साहेब म्हणाले. मी घेतला. "अजून एक." तिसऱ्या वेळी ते बाहेर बघत होते. "पुरे. थांबता जरा जास्त. पण थांबता, हे बरं आहे. आता ते वायपर बंद करा."

सही करताना त्यांनी डॉक्टरांचा फॉर्म उजेडात धरला. "हे काय लागलंय?"

"बेसन."

त्यांनी पुढे विचारलं नाही.

आठवड्याने कार्ड पोस्टाने आलं. त्या आठवड्याची रजा पुतण्याने कुठून आणली ते मीही विचारलं नाही. जाऊबाईंनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि स्वतः मात्र गाडीत बसायला नकार दिला. "पहिले तुम्ही जाऊन या. मंग पाहू."

सकाळी सव्वासहाला हे मागे बसले, मांडीवर टॉवेल आणि माझं ते ताट. मी हळू निघाले, इतकी हळू की सायकली पुढे जात होत्या. चौक आला. झेंडूची आता दोन-तीन फुलं होती कट्ट्यावर. मी थांबले, डावीकडून आत शिरले, कट्टा उजव्या हाताला घेतला. आणि समोरच्या रस्त्याच्या तोंडाशी ती दिसली. स्कूटी, पायांशी पातेलं.

तिनेही मला पाहिलं. पांढरी गाडी, लाल केस. तिने करकन ब्रेक लावला, दोन्ही पाय जमिनीला टेकवले, आणि मागून येणाऱ्या ऑटोवाल्याला हात आडवा केला. "थांब गा. जाऊ दे त्या बाईले पहिले."

काच उघडी होती. ह्यांना ऐकू गेलं. आणि माझा पाय ब्रेकवर गेला तो उठेना. भर चौकात गाडी उभी.

"कोण आहे ती?" हे म्हणाले. "तुला ओळखते?"

खोटं तयार होतं जिभेवर. जाऊबाईंच्या भजनातली आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, खोटंही झालं नसतं. पण समोर तिचं कोपर दिसत होतं, खपली निघून उरलेला डाग. मी आरशात न बघता सांगितलं. त्या दिवशी मी कोणाला न सांगता गाडी काढली. याच चौकात उलटी शिरले. ती पडली. अर्ध्या हाताने वाचली. फॉर्म डॉक्टरांकडे नव्हता, बेसनात होता.

मागून ताट टॉवेलवर सरकल्याचा आवाज आला. आता दार उघडेल, हे उतरतील, फूटपाथवर उभे राहतील, दोन्ही हात पोटाशी घेऊन. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी मनगटात रुतली. ऑटोवाला हॉर्न देऊ पाहत होता आणि ती त्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प करत होती.

"बरं," हे म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग आता इथे काहून थांबलीस? सातला मशीन लागते. मला उशीर होतोय."

मी इंडिकेटर दिला. वायपर सुरू झाले. ते तसेच चालू ठेवून मी उरलेला फेरा पुरा केला.